केवड्याची डबी

एका खाडीच्या काठी एकदा एक वृद्ध अत्तरकार राहत होता. खाडीच्या कडेने केवड्याचे दाट बन होते. तिथली कणसे आणून तो भट्टी लावी आणि त्याचे अत्तर दूरच्या शहरापर्यंत जाई. बनाच्या आतल्या अंगाला गोड्या पाण्याची एक विहीर होती. तिच्यावर सारे गाव जगत होते, भट्टीलाही तेच पाणी लागे. गावातलाच एक तरुण या वृद्धाकडे विद्या शिकत होता. वडील लहानपणीच गेलेले, आईने मोलमजुरी करून त्याला वाढवले होते. मुलगा बुद्धिमान होता आणि ते त्याला चांगले ठाऊक होते.

एके दिवशी शहरातला व्यापारी चेहरा पाडून आला.

"आबा, लोक हल्ली अत्तर घेतात आणि विचारतात, या प्लॅस्टिकच्या वेष्टनाचं पुढे काय होतं? मला अशी डबी हवी, जी फेकताना कुणाच्या मनाला टोचणार नाही."

"रिकामी कुपी परत आणायला सांगा त्यांना," वृद्ध म्हणाला. "मी भरून देईन. काचेला काय होतंय?"

व्यापारी हसला. "जुनी कुपी कोण कुणाला भेट देणार, आबा? निम्मे पैसे तर लोक वेष्टनाचेच देतात."

शिष्याने मात्र ही गोष्ट मनावर घेतली. केवड्याची पाती कापून त्याने त्यांचे काटे सोलले, पाती भिजवून मऊ केली आणि झाकणाची एक सुबक डबी विणली. भट्टीतून उरलेल्या चोथ्याचे त्याने आत अस्तर दिले. ना डिंक, ना प्लॅस्टिक. एक डबी त्याने अंगणात पुरून ठेवली आणि पावसाळा सरल्यावर उकरून पाहिली, तर हाताला नुसती माती लागली. आनंदाने त्याने दुसऱ्या डबीत कुपी ठेवली आणि ती गुरूच्या पायांपाशी ठेवून नमस्कार केला.

वृद्धाने डबी बराच वेळ हातात फिरवली. मग आतली कुपी काढून बाजूला ठेवली आणि रिकामी डबी शिष्याला परत दिली.

"सुंदर आहे. आता ही उसव आणि पाती झाडाला परत लावून ये."

शिष्य गोंधळला, आणि मग त्याला रागच आला. अशा कथांतले वृद्ध कधी सरळ बोलत नाहीत. ही त्यांची जुनी खोड आहे आणि मला ती मुळीच आवडत नाही. शिष्याने मनाशी ठरवले की आबांचे आता वय झाले, आणि डबी व्यापाऱ्याला नेऊन दिली.

व्यापारी हरखून गेला. त्याने डबीला एक चिठ्ठी बांधली : 'निर्धास्त फेका. हिची माती होईल.' आणि लोकांनी खरोखरच निर्धास्तपणे डब्या फेकल्या आणि नव्या घेतल्या. मागणी वाढत गेली. गावातल्या बायकांना घरबसल्या काम मिळाले. शिष्याची आईही ओसरीवर बसून विणू लागली. पातीच्या काट्यांनी तिचे हात चिरत, पण दोन्ही वेळची चूल पेटत होती, आणि हे आपल्या मुलाने केले म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

आधी झाडांची खालची पाती गेली. ती पुरेनात तेव्हा कोयते गाभ्यापर्यंत पोचले. पुढच्या हंगामात कणसे जेमतेम धरली. शिष्य घाबरून व्यापाऱ्याकडे गेला, तर तो म्हणाला, "अत्तराची काळजी सोड, ते मी कारखान्यातून आणतो. डबी मात्र खरी पाहिजे."

एका अमावास्येला मोठी भरती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विहिरीवर हात धुवायला बादली ओढली आणि पाण्यात हात घालताच ती किंचाळली. चिरलेल्या हातांना पाणी झोंबले होते. तिने एक थेंब जिभेवर ठेवला, तर पाणी खारट लागले. गाभा छाटलेल्या केवड्याची काठावरची मुळे कुजली होती, रात्री काठ ढासळला होता आणि खाडी आत शिरली होती.

शिष्य धावत गुरूकडे गेला. भट्टी थंड पडली होती.

"तुम्हाला हे दिसत होतं! मग सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगायला निघालो होतो एकदा," वृद्ध म्हणाला. "तुमच्या अंगणापर्यंत आलो. तुझी आई विणता विणता हसत होती. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तसाच मागे फिरलो. तो दोष माझा, आणि तो आता मला भरून काढता येणार नाही."

मग वृद्ध पुढे म्हणाला, "डबी चांगलीच होती, बाळा. फेकल्यावर तिचं काय होतं, ते बघायला तू अख्खा पावसाळा थांबलास. ती जिथून येते तिथे काय उरतं, ते एकदाही जाऊन बघितलं नाहीस. फेकताना मनाला टोचलं, तर माणूस हात आखडतो. ते टोचणंच तू काढून घेतलंस. तू काटे सोललेस ना, त्यातलाच तोही एक."

शिष्याने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "नवे फुटवे लावले तर विहीर गोड होईल?"

"काठ पुन्हा धरला तर होईलही. मी नसेन तेव्हा. बहुतेक तुझी आईही नसेल."

शिष्य उठून काठावर गेला आणि उरलेसुरले फुटवे चिखलात लावू लागला. समोरून त्याची आई रिकामी घागर घेऊन टेकडीपलीकडच्या झऱ्याकडे निघाली होती. तिने त्याच्याकडे पाहिले आणि ती पुढे चालत राहिली. तिकडे शहरात फेकलेल्या डब्यांची, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, खरोखरच माती होत होती. खाडीच्या काठावर मात्र त्यातली मूठभरही परत आली नाही.