घागरीची घाई

मडकी आपापसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. भागूजी कुंभाराच्या पडवीत नवी मडकी सावलीला वाळत होती. पंधरवड्याने मडकी भाजायचा आवा पेटणार होता. आगीत जे टिकेल ते मडकं, जे तडकेल ते खापर. म्हणून सगळ्यांनाच धाकधूक होती.

एका घागरीने तर जिवाला फारच घोर लावून घेतला. "नुसतं सावलीत बसून कुणी पक्कं होतं का?" असं म्हणत ती रोज घरंगळत जाऊन अंगणातल्या रणरणत्या उन्हात बसायची.

पडवीतला जुना रांजण म्हणाला, "पोरी, बाहेरून वाळशील, पण आतून ओलीच राहशील. जरा दमानं घे."

"तुमचं काय जातंय, आजोबा? तुम्ही कधीच भाजून निघालात!" घागर फणकारली.

दोन-चार दिवसांत तिच्या पोटावर केसाएवढी चीर उमटली. आता संपलंच सगळं, असं वाटून ती रडू लागली.

भागूजीने तिला उचलून चीर पाहिली. "कच्ची आहेस म्हणून निभावलं," तो हसून म्हणाला. "अजून पाण्यात विरघळशील." त्याने तिला भिजवलं, मळलं, पुन्हा चाकावर घडवलं आणि पडवीत ठेवलं.

काही दिवसांनी एका दुपारी उन्हाची तिरीप सरकत सरकत घागरीच्या बुडाशी आली. आवा जवळ आला होता. धाकधूक तर होतीच.

"आजोबा," घागर हळूच म्हणाली, "जरा तिकडे सरका की. मलाही सावलीत बसू द्या."