नावजी पंचाचा हात

बसा, नीट मांडी घालून बसा, आणि मधे मधे हुंकार द्या, नाहीतर सांगणाऱ्याची जीभ कोरडी पडते. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची ते मात्र कुणी विचारू नये. माझा आजा म्हणायचा, त्याच्या आज्यानं ही डोळ्यांनी पाहिली. आणि त्याचा आजाही त्याच्या आज्याबद्दल हेच म्हणत असणार. वारणेवर तेव्हा पूल नव्हता. अल्याडच्या आमच्या हिंगणदऱ्याला पल्याडच्या वाघजाईवाडीशी भांडायचं झालं तर जत्रेपर्यंत थांबावं लागायचं.

जत्रा भैरोबाची, चैत्रातली. पहिल्या दिवशी पालखी आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. तेव्हाच्या कुस्त्या निकाली असत. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालायच्या, मग घटका जावो नाहीतर दिवस मावळो. मधेच कुस्ती सोडवायचा अधिकार एकट्या पंचाला. पंचानं दोघांच्या पाठीवर हात ठेवला की दोघांनी मिठी सोडायची आणि कुस्ती बरोबरीत सुटायची. अंगाखाली सापडलेला गडी कितीही घुसमटला तरी तोंडानं 'सोड' म्हणत नसे. म्हटलं असतं तर त्याच्या घरात कुणी पोरगी दिली नसती. म्हणून सगळा भार पंचावर.

आमच्या गावचा पंच नावजी. तरुणपणी स्वतः चांगला पैलवान, पण गुडघा निखळला आणि लंगोट खुंटीला लागला. बुटका, कमी बोलणारा, एक पाय थोडा ओढत चालणारा माणूस. त्याला दुसऱ्याचा श्वास ऐकू यायचा, असं म्हणतात. हलगी कडाडतेय, चार हजार माणसं बोंबलतायत, आणि नावजी मातीत उकिडवा बसून मान तिरकी करून ऐकतोय. कुणाचा दम नुसता लागलाय आणि कुणाचा अडकलाय, हे त्याला कळायचं. बरगडी मोडायच्या आधी ती वाकताना ऐकू यायची. एकदा म्हणे नदीच्या पल्याड पोहणाऱ्या माणसाचा दम संपला, तो यानं अल्याडून ऐकला आणि होडी पाठवली. हे मला जरा अतीच वाटतं, पण मला सांगितलं तसं सांगतोय.

इतकं मात्र सगळेच मानतात, की नावजी वीस वर्षं पंच होता आणि त्या वीस वर्षांत आमच्या मैदानातून एकही गडी खांद्यावरून न्यावा लागला नाही.

मग एका जत्रेत हिंगणदऱ्याचाच एक गडी खाली सापडला. वरचा होता वाघजाईवाडीचा. खालच्याचा खांदा उलटा फिरायला लागला, तसा नावजीनं हात ठेवला आणि कुस्ती सोडवली. अजून चार श्वास गेले असते तर वाघजाईवाडीचा गडी जिंकत होता, हेही खरं. झालं, पल्याडची माणसं उसळली. पंच घरचा असला की घरचा गडी हरेल कसा, असं म्हणाली. त्याच दिवशी नावजीनं त्यांच्याही तीन गड्यांना असंच सोडवलं होतं, पण उपकार मोजत बसतो कोण? होडीत बसून नदी पार होईपर्यंत ती माणसं नावजीच्या नावानं ओरडत गेली.

नावजी मानी होता. मानी माणसाचं हेच वाईट, त्याला मारायला काठी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भैरोबाच्या पायरीवर गेला आणि साऱ्या गावासमोर त्यानं बेलभंडार उचलला.

"माझ्या गावच्या, माझ्या घरच्या गड्याच्या पाठीवर माझा हात पुन्हा पडनार न्हाई," तो म्हणाला. "भैरोबा साक्षी हाय."

गावानं वाहवा केली. त्याला फेटा बांधला. पल्याडच्यांना कळलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला, की आता पंच असावा तर नावजीच असावा. आमचेच पूर्वज हे, म्हणून लाज वाटते सांगायला. एवढ्या गर्दीत एकानंही विचारलं नाही, की मग गावच्या पोराचा श्वास ऐकायचा कुणी?

आता नावजीच्या घरचं सांगतो. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची धाकटी बहीण ठकूबाई नवरा गेल्यावर कडेवर पोर घेऊन माहेरी आली होती. ते पोर हैबती. मामानंच त्याला मातीत उतरवलं. पहाटे दोघं तालमीत जायचे आणि नावजी त्याला सगळ्यात आधी श्वास शिकवायचा. जोर नंतर कर, आधी नाकानं घे, घाई करू नकोस, म्हणायचा. हैबती बावीस वर्षांचा झाला तेव्हा दरवाजातून वाकून आत यायचा. स्वभावानं मात्र इतका गरीब, की आईनं ताटात दुसऱ्यांदा वाढलं नाही तर मागायचा नाही.

शपथ घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी हैबतीची जोड लागली वाघजाईवाडीच्या शिदूशी. शिदूही तिशीच्या आतलाच, उमदा गडी, दोन वर्षांत पाठ न लागलेला.

बायका तेव्हा मैदानात जात नसत. निघताना ठकूबाईनं भावाला एवढंच सांगितलं, की दादा, पोराकडं लक्ष ठेव. नावजीनं मान हलवली. त्याच्या मनात तेव्हा काय आलं असेल, ते भैरोबालाच ठाऊक. मी पंच होत नाही, दुसरा बघा, एवढं म्हणायला त्याला अजून वेळ होता. पण तसं म्हणणं म्हणजे शपथेला भ्यायला असं झालं असतं. तो गेला.

कुस्ती दुपार उलटल्यावर लागली. बराच वेळ दोघं नुसते एकमेकांचं बळ जोखत होते. मग शिदूनं हैबतीला पोटावर खाली घेतलं, त्याच्या पाठीवर बसला आणि काखेखालून दोन्ही हात घालून मानेमागे आवळले. मान दाबून त्याला पलटी करायची, एवढाच त्याचा डाव होता. हैबती पलटी होईना. शिदू सोडेना. हैबतीच्या टाचा माती उकरत होत्या. थोड्या वेळानं एकच टाच उकरायला लागली.

नावजीनं ऐकलं. ज्याला नदीपारचा श्वास ऐकू यायचा त्याला हातभरावरचा ऐकू आला नाही, असं कोण म्हणेल? त्याचा उजवा हात उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला. परत उचलला गेला, परत थांबला. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, पंच घाम पुसतोय.

आणि चार हजार माणसं काय करत होती? नावजीकडे बघत होती. पंच उभा आहे, नावजीसारखा पंच, म्हणजे पोराला धोका नाही, असा साऱ्यांचा हिशेब. कुणी पुढे झालं नाही. शेवटी हैबतीचं अंग सैल पडलं, शिदूनं त्याला अलगद उताणं केलं आणि पाठ मातीला लागली. पल्याडच्यांचे फेटे उडाले. हैबती डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत पडला होता. ऊठ म्हटलं तर उठेना, कारण मानेखालचं काहीच त्याचं राहिलं नव्हतं.

वीस वर्षांत पहिल्यांदा मैदानातून गडी खांद्यावरून गेला. पुढून खांदा नावजीनं दिला.

हैबती तीन दिवस जगला. वैदू आले, हात लावून गेले. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ हलले, तसा नावजी खाली वाकला. ठकूबाई उशाशी होती, म्हणून हे आपल्याला कळलं.

"मामा," हैबती म्हणाला, "हरलो का म्या?"

"न्हाई रं," नावजी म्हणाला. "म्या सोडवली. बरोबरीत सुटली कुस्ती."

पोराला बरं वाटलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

तेराव्यापर्यंत ठकूबाई भावाशी बोलली नाही. शिव्याशाप नाहीत, रडून आकांत नाही. तेराव्याची माणसं पांगल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि तिनं विचारलं, "दादा, त्यो दुसऱ्या कुनाचा असता तर घातला असतास का हात?"

"घातला असता," नावजी म्हणाला.

ती उठून चुलीपाशी गेली आणि भावासाठी भाकरी थापायला बसली. मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीत याहून अवघड काही कुणी केलं नाही.

चार दिवसांनी शिदू नदी पार करून आला. दारातच बसून राहिला, आत येईना. पंचाचा हात पडेल म्हणून मी वाट बघत होतो, हात पडला नाही म्हणून वाटलं त्याच्यात अजून जोर आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. नावजीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, तुझं काही चुकलं नाही.

मग नावजी भैरोबाकडे गेला. बेलभंडार परत ठेवतो, म्हणाला. गुरव म्हणाला, भंडारा उचलता येतो, परत ठेवता येत नाही. शपथ मोडलीस तर त्याचं पाप लागेल. नावजी म्हणाला, पाळली त्याचं पाप याहून मोठं लागलंय, आता मोडल्याचंही लागू दे. आणि तो पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर आमच्या गावानं त्याला पंच केलं नाही, आणि दुसऱ्या गावांनीही बोलावलं नाही. पण तो जायचा. जिथं मैदान असेल तिथं, लंगडत, दहा दहा कोस. कडेला बसायचा, मान तिरकी करायचा, आणि कुणाचा श्वास अडकला की थेट मातीत उतरून पाठीवर हात ठेवायचा. कुस्ती ऐन रंगात आलेली, पैजा लागलेल्या, आणि हा आगंतुक मधेच. लोकांनी त्याला ढकललं, दगड मारले, एका गावात तर झाडाला बांधून ठेवलं. सुटला की पुढच्या जत्रेला हजर. त्याच्या उजव्या हाताला लागलेली तांबडी माती कधी धुतली जात नसे, असं म्हणतात. आणि तो हात पाठीवर पडला की पैलवानाची मिठी आपोआप उघडायची, मग त्याच्या मनात असो वा नसो. झुंजीत शिंगं अडकलेल्या दोन रेड्यांनाही त्यानं असंच सोडवलं म्हणे. किती गडी त्यानं वाचवले? कुणी शंभर म्हणतं, कुणी हजार. नावजीला विचारलं तर तो म्हणायचा, एक कमी.

त्या वाचलेल्यांतला एक शिदू होता. दूरच्या एका मैदानात तोच खाली सापडला, तोच डाव, तशीच मान. नावजीनं उडी घेतली. वरच्या गड्याच्या माणसांनी नावजीला इतकं मारलं, की शिदूला त्याला पाठुंगळी घेऊन घरी आणावं लागलं. त्या दुखण्यातून नावजी उठला नाही. ठकूबाईच्या हातचं पाणी पिऊन गेला.

आता शेवटचं ऐका. नावजी गेला त्या वर्षीची जत्रा. कुस्त्या संपल्या, लोक अंग झटकून उठायला लागले, आणि ठकूबाई गर्दीतून वाट काढत मैदानात आली. बाई मैदानात आलेली कुणी पाहिली नव्हती. अडवायला चारजण पुढे झाले, पण तिचा चेहरा बघून बाजूला झाले.

"माझ्या भावानं पोराला सांगितलं, कुस्ती सोडवली म्हनून," ती म्हणाली. "पोरगं त्यावर इस्वास ठिवून गेलं. एक कुस्ती ऱ्हायलीया, तेवढी सोडवा."

मग पल्याडच्या माणसांतून शिदू उठला. त्यानं अंगरखा काढला, मातीत उतरला, जिथं हैबती पडला होता तिथं गुडघे टेकले आणि रिकाम्या मातीला मिठी घातली. नवा पंच पुढे झाला. त्यानं एक हात शिदूच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा मातीवर. शिदूनं मिठी सोडली. सोडल्यावर तो बराच वेळ तिथंच ओणवा होता, आणि मोठ्यानं रडत होता.

तेव्हापासून हिंगणदऱ्यात पंचाला कसली शपथ घालत नाहीत. मैदानात बायका बसतात, पहिल्या रांगेत. पंचानं कुस्ती सोडवली तर कुणी हूं की चूं करायचं नाही. केलं तर शेजारचा माणूसच त्याला उठवून लावतो. जत्रेतली शेवटची कुस्ती हैबतीची असते. वाघजाईवाडीचा एक गडी मातीत उतरतो आणि रिकाम्या जागेला मिठी घालतो. हलगी वाजत राहते. पंच वाकतो, मान तिरकी करतो, काही ऐकू येत नाही तरी ऐकतो. आम्ही सगळे, त्या चार हजार माणसांचे नातू-पणतू, एका आवाजात म्हणतो, "नावजी, हात घाल." हात पडतो, हलगी थांबते, आणि तो गडी मिठी सोडतो. मग पुकारा होतो, हैबती, हिंगणदरा, बरोबरी.