एका खुरातले दोन चोर

कार्तिक वद्य चतुर्थी. आठवा दिवस बुरबुर पावसाचा, ऊन नाही.

त्या सकाळी धनगरांच्या एका कळपातल्या एकोणीस मेंढ्या लंगडत उठल्या. खुरांच्या बेचक्यातून कुजका वास येत होता. कळप एका शेतकऱ्याच्या काळ्या रानात मुक्कामाला होता. खतासाठी रात्री मेंढरं शेतात बसवायची आणि बदल्यात धान्य घ्यायचं, ही जुनी रीत. म्होरके धुळाप्पा यांनी पंधरा रात्रींचा शब्द दिला होता.

धुळाप्पांनी मोरचुदाच्या पाण्यात खूर बुडवले आणि मेंढ्या पुन्हा त्याच चिखलात सोडल्या. दुसऱ्या दिवशी खाली कोरडा पाला पसरला, पण औषध थांबवलं. लंगडणं वाढलंच.

"कशानंच गुण नाही," ते म्हणाले. "खाटकाला बोलावतो."

या मेंढ्या त्यांच्या सुनेनं, ठकूबाईनं, कोकरं असल्यापासून वाढवल्या होत्या. तिनं एक मेंढी खांद्यावर घेतली आणि दोन कोस चालून गुरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवली, केलेले उपायही सांगितले.

बाई म्हणाल्या, "हे एकट्या जंतूचं काम नाही, ठकूताई. एक असतो लेंड्या-चिखलात. तो भिजलेली कातडी सोलतो, म्हणजे दार फोडतो. दुसरा लंगड्या मेंढीकडून येतो आणि त्या दारातून शिरून खूर पोखरतो. आत गेले की दोघं एकमेकांना सांभाळतात. तुम्ही एकाला आज मारता, दुसऱ्याला उद्या."

"म्हणजे दोघांना एकदमच धरायचं."

"आणि कोरड्या जागी."

ठकूबाई परतली तेव्हा खाटीक येऊन बसला होता. तिनं कुणाला विचारलं नाही. लंगड्या मेंढ्या वेगळ्या काढल्या आणि सगळा कळप खडकाळ माळाकडे वळवला.

धुळाप्पा ओरडले, "अगं, चार रात्री राहिल्यात! दिलेला शब्द मोडायचा?"

"शब्द तुम्ही दिलात, मामंजी. मेंढरांनी नाही."

खाटीक हसला. "बाई, आठ दिवसांनी मलाच हाक माराल."

"आठ दिवसांनी जरूर या. सुरी तेवढी घरी ठेवून या."

माळावर तिनं एकेक खूर तासला. प्रत्येक मेंढीला मोरचुदाच्या पाण्यात उभं केलं, मग कोरड्या खडकावर. लंगड्या एकीकडे, धडधाकट दुसरीकडे. दर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धुळाप्पा तिच्याशी बोलत नव्हते. सहाव्या दिवशी ते येऊन बसले आणि मेंढीचा पाय धरला.

"तास," एवढंच म्हणाले. "हलू देत नाही मी."

एकविसाव्या दिवशी एकोणीसपैकी अठरा मेंढ्या चारही पायांवर चालल्या. एक दगावली. शब्द मोडला म्हणून शेतकऱ्यानं धान्य दिलं नाही.

तात्पर्य: संगनमतानं येणाऱ्या वैऱ्यांशी अर्ध्या उपायानं लढू नये, त्यांच्या सगळ्या वाटा एकदम रोखाव्यात, मग त्यासाठी घरच्या वडीलधाऱ्यांचा राग ओढवून घ्यावा लागला तरी.