राणी हिरण्मयी आणि गुहेतली काळी जनावरं

एका राज्यात राणीला मुलगा झाला, आणि त्याला पाहताच राणीने किंकाळी फोडली.

सुईणीने बाळाला न्हाऊ घालून, मऊ दुपट्ट्यात गुंडाळून राणी हिरण्मयीच्या कुशीत ठेवलं होतं. राणीने दुपट्टा सारला. इवल्या मुठी होत्या, गुलाबी पावलं होती. पण जिथे मुख असायचं, तिथे काळोख होता. डोळे नाहीत, ओठ नाहीत. नुसता काळोख, आणि त्यातून येणारं रडणं.

राणीने बाळाला हाताने दूर लोटलं. सुईणीकडे पाहिलं, तर तिच्याही मानेवर काळोख. राजा रणधवल धावत आला. मुकुट दिसला, मुकुटाखाली काळोख.

"नाथ, तुमचं मुख कुठे गेलं?"

"राणी, तुझं कुठे गेलं?" राजाने विचारलं.

त्या सकाळी साऱ्या नगरीत हेच झालं. नवरा बायकोला ओळखेना, आई लेकीला ओळखेना. चाचपलं तर हाताला नाकडोळे लागत, नजरेला मात्र दिसत नसत. वैद्य आले, मांत्रिक आले, होम पेटले. गुण कशाचाच आला नाही. बाळ पाळण्यात रडे, दाई त्याला पाजे, राणी भिंतीकडे वळून पडून राही.

मग एके दिवशी खिडकीत कोतवाल पक्षी येऊन बसला. काळा कुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा.

"राणी," तो माणसाच्या वाणीने बोलला, "हा शाप आहे. पांजरपोळातली काळी जनावरं कुठे गेली, ते राजाला विचार."

नगरीच्या वेशीवर राज्याचं पांजरपोळ होतं. टाकलेली, चुकलेली, धनी गमावलेली कुत्री-मांजरं तिथे राहत. लोक येत आणि आवडेल ते जनावर घरी नेत. पांढरी जात, तांबडी जात, ठिपक्यांची तर आधी जात. काळी मागे राहत. कुणी म्हणे अपशकुनी, कुणी म्हणे, याचं तोंडच दिसत नाही.

राणीने विचारलं. राजाचा मुकुट खाली झुकला.

"बाळाच्या जन्मावर काळी सावली नको, म्हणून मी ती डोंगरातल्या गुहेत कोंडली. त्यांना सांभाळणारी योगिनी काजळा आडवी आली. तिलाही आत घातलं."

"कोंडली? जिवंत?" राणी ताडकन उठून बसली. "माझ्या बाळाच्या नावाने?"

"दाणापाणी जातं त्यांना," राजा पुटपुटला.

राणीने त्याच्या बोटातली मुद्रा काढून घेतली आणि ओल्या बाळंतिणीच्या पावलांनी डोंगराची वाट धरली. कोतवाल पुढे उडत होता. मुद्रा टेकताच गुहेची शिळा सरकली. आत काजळा बसली होती.

"तीन दालनं आहेत," योगिनी म्हणाली. "प्रत्येकात जा, तिथल्या जिवाचं मुख पाहा आणि मला सांग. पळालीस, तर माझा शाप कायम."

पहिल्या दालनात दोन पिवळे डोळे अधांतरी तरंगत होते. राणी दचकली, पण बसून राहिली. नजर हळूहळू सरावली, तेव्हा तिला मांजर दिसली. फाटका कान दिसला, हनुवटीखालचा एकच पांढरा केस दिसला.

"ती रुसली आहे," राणीने सांगितलं. "पण कुणी हाक मारील म्हणून एक कान इकडे लावून बसली आहे."

दुसऱ्या दालनात म्हातारा कुत्रा होता. तोच राणीला भिऊन भिंतीत शिरू पाहत होता. राणी त्याच्याकडे पाठ करून बसली. बऱ्याच वेळाने तिच्या मानेला ओलं नाक लागलं.

"मिशा पिकल्यात," ती वळून पाहत म्हणाली. "माझे वडील म्हातारपणी असेच दिसायचे."

तिसऱ्या दालनात पाऊल टाकताच गुरगुर झाली आणि मनगटात दात रुतले. राणी ओरडली, पण पळाली नाही. दात सुटले. मग तिला चुटुचुटु दूध ओढण्याचा आवाज आला. काळ्या अंधारात काळी कुत्री, तिच्या कुशीत काळी पिल्लं. एक पिल्लू घरंगळून केविलवाणं ओरडलं. कुत्रीने त्याला तोंडात धरून जवळ आणलं आणि त्याचं मुख चाटलं.

"काय दिसलं?" काजळाने बाहेरून विचारलं.

राणीला पान्हा फुटून चोळी भिजली होती.

"मुख काही दिसत नाही. तिलाही पिल्लाचं दिसत नाही, तरी ती चाटते आहे," राणी म्हणाली. "आणि मी माझं लेकरू हाताने लोटलं."

ती मटकन खाली बसून रडू लागली. कुत्री उठली, जवळ आली, तिचे गाल चाटू लागली. इतक्या जवळून राणीला तिचं मुख दिसलं. फार दमलेलं होतं ते.

"शाप अर्धा उतरला," काजळा म्हणाली. "आता त्यांना घर दे. यांतला जीव ज्या उंबरठ्याच्या आत जाईल, त्या घरचा शाप उतरेल."

राणी कुत्रीला आणि पदरात पिल्लांना घेऊन महाली आली. राजाने दारात हात आडवा धरला.

"बाळाच्या घरात काळं जनावर? नाही."

"मग मीही येत नाही. माझं बाळ मला बाहेर आणून द्या."

कुत्री पुढे झाली. ज्या हाताने तिला कोंडायचा हुकूम दिला होता, तो हात तिने हुंगला, आणि चाटला. राजाला हात मागे घेता येईना. तो गुडघ्यांवर बसला आणि प्रथमच नीट पाहू लागला.

"हिचे डोळे तपकिरी आहेत," तो थक्क होऊन म्हणाला. "मला वाटलं होतं, काळे असतील."

तो बाजूला सरला. कुत्री उंबरठा ओलांडून गेली. राणी मग थांबली नाही. तिने पिल्लं कुत्रीपाशी सोडली, पाळण्यातून बाळ उचललं, त्या काळोखावरच ओठ टेकले आणि त्याला छातीशी धरलं. काळोख विरला. सुरकुतलेलं कपाळ, चपटं नाक, रागावलेल्या भुवया. राणी हसू लागली आणि हसताहसता रडू लागली.

ही वार्ता फुटताच लोक डोंगराकडे धावले. म्हातारा कुत्रा सुईणीने नेला, रुसलेली मांजर कासारणीच्या खांद्यावर बसून गेली. घराघरांत माणसं एकमेकांची तोंडं पाहत राहिली. गुहा रिकामी झाली, तेव्हा काजळाने ती झाडून काढली आणि पांजरपोळाची कवाडं पुन्हा उघडली.

राणीची नजर जशी निवळली, तशी सांगणाऱ्याची निवळो, ऐकणाऱ्याची निवळो.