राजाच्या पाण्यातले धणे

पूर्वी कुमुद्वती नावाच्या नगरीत विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बल्लवाच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव सोमरक्षित. वडिलांच्या मागे तो राजाच्या पाकशाळेचा मुख्य बल्लव झाला. पदार्थाची चव जिभेला कळते, पण गुण पोटाला कळतो, आणि रांधणाऱ्याने दोन्हींचे ऐकावे, असे त्याच्या कुळात सांगत असत. सोमरक्षित तसे करी. त्यामुळे त्याच्या हातचे जेवून कोणी जड झाल्याचे ऐकिवात नव्हते.

एका वर्षी उन्हाळा लागता लागता राजाला दाहाचा विकार जडला. तळहात आणि तळपाय सारखे जळत. कितीही पाणी प्याले तरी घसा कोरडाच राही. लघवीला आग होई. अंगाला चंदन लावले की घटकाभर बरे वाटे, पुन्हा तेच. राजा दगडी खांबाला तळहात टेकवून बसे आणि मंत्र्यांचे बोलणे अर्धवट ऐके.

राजवैद्य भद्रघोष विद्वान होता. त्याच्याकडे वडिलांच्या पोथीतली बिब्ब्याची एक गुटी होती. पोथीत ती थंडीने आखडलेल्या सांध्यांसाठी सांगितली होती. परंतु शरीरातली उष्णता तीव्र उष्ण द्रव्यानेच ओढून बाहेर काढावी, असे भद्रघोषाने मनाशी ठरवले होते, आणि एकदा ठरवलेले तो पुन्हा तपासून पाहत नसे. त्याने राजाला रोज सकाळी एक गुटी घ्यायला सांगितली आणि दुसरे कोणतेही औषध पोटात जाऊ द्यायचे नाही, अशी आज्ञा केली.

सोमरक्षिताला हे पटले नाही. तो भद्रघोषाकडे गेला आणि राजाला धण्यांचे पाणी द्यावे असे त्याने नम्रपणे सुचवले. भद्रघोषाने पोथीवरून नजरही उचलली नाही.

तो म्हणाला, “तू फोडणी सांभाळ.”

पाच दिवस गेले. राजाच्या ताटातले अन्न तसेच परत येऊ लागले. त्या राज्यात असा नियम होता की, राजाच्या अन्नात किंवा पाण्यात कोणी न विचारता काही मिसळले तर त्याला प्राणदंड व्हावा. सोमरक्षिताला तो नियम ठाऊक होता. पाचव्या दिवशी परत आलेल्या ताटाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने धणे निवडायला घेतले.

त्याने धणे जाडसर भरडले. एक वाटी धण्यांना सहा वाट्या पाणी घालून ते कोऱ्या मडक्यात दिवेलागणीला झाकून ठेवले. सकाळी ते पाणी न उकळता तसेच गाळले, त्यात थोडी खडीसाखर विरघळवली आणि आधी स्वतः घोटभर पिऊन मग राजाच्या गडूत ओतले. त्या दिवसापासून राजाच्या ताटातली मिरी, मोहरी आणि आंबट ताक बंद झाले. मुगाच्या वरणावर हिरवी कोथिंबीर बारीक चिरून पडू लागली.

धणेच का, याचा त्याने विचार केला होता. थंड द्रव्ये पुष्कळ आहेत, पण त्यांतली बरीच भूकही विझवतात. धणा चवीला कडवट आणि तुरट, पचल्यावर गोड. तो आग शमवतो, तहान भागवतो, लघवी मोकळी करतो, आणि पोटातला अग्नी मात्र विझू देत नाही. जेवण परत पाठवणाऱ्या माणसाला असेच काहीतरी हवे असते.

राजाला पाण्याला मातीचा छान वास येतो एवढेच जाणवले. दहाव्या दिवशी त्याने पोटभर जेवण केले. पंधराव्या दिवशी तळपायांची आग थांबली. एकविसाव्या दिवशी तो घोड्यावर बसून नदीपर्यंत जाऊन आला. नगरात उत्सव झाला आणि राजाने भरसभेत भद्रघोषाला शाल पांघरवली. सोमरक्षित त्या दिवशी पंगतीला खीर वाढत होता. आपले नाव कोणी घेतले नाही याचे त्याला काही वाटले नाही. राजा जेवतो आहे, एवढे त्याला पुरे होते.

पुढे उन्हाळा वाढला आणि कुंभारांच्या आळीत तोच विकार पसरला. दिवसभर भट्टीपाशी बसणारी माणसे ती. आधी त्यांच्या हातापायांची आग होऊ लागली, मग ती अंथरुणाला खिळली. राजाला वाईट वाटले. ज्या गुटीने आपण बरे झालो तीच प्रजेला मिळावी, म्हणून त्याने भद्रघोषाला भरपूर गुट्या करायला सांगितल्या. पौर्णिमेला त्या घरोघर वाटायच्या ठरल्या. काही घरांत भद्रघोषाने त्या आधीच पोहोचवल्या होत्या.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी सोमरक्षित मडकी आणायला पूर्णक कुंभाराकडे गेला. चाक थांबलेले होते. आत पूर्णकाची बायको चित्रा निजली होती. तिचे ओठ सुजले होते आणि गळ्यावर फोड आले होते. पूर्णकाने सांगितले की तिने चार गुट्या घेतल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बलकाने सहा घेतल्या होत्या. त्याला आदल्या दिवशी स्मशानात नेले.

पूर्णक म्हणाला, “राजाला उतार पडला ना यानंच? मग आम्हालाच असं का व्हावं? आमचं शरीरच हलकं असेल.”

तिथल्याच एका मडक्यात सोमरक्षिताने धणे भिजत घातले, गुटी बंद करायला सांगितली आणि फोडांवर तूप लावायला दिले. घरी जाताना तो मनाशी विचार करीत होता. मी गप्प बसलो म्हणून वैद्याला मान मिळाला, यात कोणाचे काही गेले नाही. पण माझ्या गप्प बसण्याने ही गुटी खरी ठरली, आणि त्या खऱ्या ठरलेल्या गुटीने बलक मेला. आता पौर्णिमेला ती शंभर घरांत जाईल. मी बोललो तर एकाचा जीव जाईल, तो माझा. हा हिशेब त्याला अवघड वाटला नाही.

दोन दिवसांनी चित्रा उठून बसली आणि तिने पेज मागितली. ते पाहून सोमरक्षित तसाच सभेत गेला.

तो हात जोडून म्हणाला, “महाराज, आपण आजारी असताना पाचव्या दिवसापासून मी आपल्या पाण्यात धणे भिजवीत होतो. कोणाला विचारले नव्हते. आपण त्याने बरे झालात. गुटीने कुंभारआळीत एक माणूस गेला आहे. ती वाटू नये.”

भद्रघोष शांतपणे म्हणाला की, धणे घरोघरी असतात. धण्यांनी रोग बरे होत असते तर या नगरात कोणी आजारीच पडले नसते. बल्लवाला राजाच्या शालीचा मोह झालेला दिसतो.

सोमरक्षित म्हणाला, “धणे घरोघरी आहेत, हे खरे. पण तेलात परतून मिरीबरोबर खाल्लेला धणा वेगळा आणि थंड पाण्यात भिजवलेला वेगळा. वस्तू सर्वांकडे असते. ती केव्हा, कशी आणि कोणाला द्यायची, हे माहीत असावे लागते. थंडीने खोकणाऱ्याला मीसुद्धा हे पाणी देणार नाही.”

भद्रघोषाने राजाकडे पाहून विचारले, “महाराजांनी एकवीस दिवस माझी गुटी घेतली. मग गुण कशाचा, हे कसे ठरवायचे?”

आता सर्वांनी राजाकडे पाहिले. विजितसेन सिंहासनावरून उठून उभा राहिला.

तो म्हणाला, “मी तीनच गुट्या घेतल्या. तिसरीने तोंड पोळले. त्यानंतरच्या सगळ्या मी तळ्यात टाकल्या. राजा औषधाला भ्याला असे लोक म्हणतील, म्हणून सांगितले नाही. तीन गुट्यांनीच गुण आला असेल अशी मी माझी समजूत घालून घेतली, आणि तीच गुटी लोकांना द्यायला निघालो.”

भद्रघोषाने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि आसनावर ठेवली. तो राजाला म्हणाला की, ज्या घरांत गुट्या गेल्या आहेत ती मला माहीत आहेत, त्या परत आणायला मलाच जाऊ द्या. राजाने त्याला जाऊ दिले. बलकाच्या घरापासून त्याने सुरुवात केली, असे पुढे लोक सांगत.

मग राजा सोमरक्षिताला म्हणाला की, तू माझा जीव वाचवलास, म्हणून तुझा जीव मी घेणार नाही. पण न विचारता माझ्या पाण्यात हात घालणारा माणूस माझ्या पाकशाळेत राहू शकत नाही. आज तू धणे घातलेस, उद्या दुसरा कोणी वेगळे काही घालील.

सोमरक्षित म्हणाला, “हे योग्य आहे, महाराज. चांगल्या हेतूने केली तरी ती चोरीच होती.”

त्याने पाकशाळेच्या किल्ल्या दिल्या आणि तो कुंभारआळीत राहायला गेला. पौर्णिमेला तिथे घरोघर कोऱ्या मडक्यांत धणे भिजत पडले. किती धणे, किती पाणी, कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये, हे जो विचारील त्याला तो सांगत असे. पहिला पाऊस पडेपर्यंत आळीत दुसरा कोणी मेला नाही. पुढे भद्रघोषही अधूनमधून येऊन त्याच्या ओट्यावर बसू लागला, आणि कोणत्या रोग्याला काय मानवले ते दोघे एकमेकांना सांगत. आयुष्य सरल्यावर सोमरक्षित आपल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

विहारातल्या एका भिक्षूने आपल्या हातून चुकीचे औषध दिले गेल्याचे संघापुढे कबूल केले, त्या दिवशी शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. ती संपवून ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा वैद्य भद्रघोष म्हणजे आज चूक कबूल करणारा हा तिस्सिल. राजा विजितसेन म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा स्थविर वज्जिक. चित्रा म्हणजे रोज विहाराला पेज पाठवणारी उपासिका सोणा. आणि बल्लव सोमरक्षित मीच होतो.”

स्वतःचे श्रेय जात असताना बोधिसत्त्व गप्प राहिला. दुसऱ्याचे प्राण जाऊ लागले तेव्हा तो बोलला, आणि आपली चूकही त्याने त्यातून वगळली नाही. ही त्याची सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या आचरणाची पूर्णता.