संमतीपत्रातली नवी ओळ

खो-खो संघाच्या व्यवस्थापक सुनेत्रा घाटपांडे आठवड्यात तिसऱ्यांदा प्राचार्यांसमोर बसल्या होत्या आणि त्यांचा धीर आता सुटत चालला होता. प्रशिक्षक रणदिवे यांच्याविरुद्ध त्यांच्या पत्नीने पोलिसांत मारहाणीची तक्रार दिली होती. तरीही सोमवारी मुलींचा संघ त्याच रणदिव्यांबरोबर आठ दिवस नांदेडला स्पर्धेसाठी जायचा होता.

"मॅडम, ती त्यांच्या घरातली बाब आहे," प्राचार्य म्हणाले. "आरोप सिद्धही झालेला नाही. कॉलेजचा काय संबंध?"

"चौकशी होईपर्यंत दुसरे प्रशिक्षक पाठवा, एवढंच मागतेय मी."

"पुन्हा तेच! संबंध नाही म्हटलं ना."

सुनेत्राबाईंनी वाद घातला नाही. पालकांच्या संमतीपत्राचा कागद त्यांनी पुढे सरकवला. त्यात एक ओळ नवी होती : 'प्रशिक्षकांवर पत्नीला मारहाण केल्याचा आरोप आहे. तो सिद्ध झालेला नाही आणि महाविद्यालयाच्या मते ती त्यांच्या घरातली बाब आहे.'

"तुमचेच शब्द आहेत, सर. सही केलीत की आजच सगळ्या पालकांना पाठवते."

प्राचार्यांनी पेन उघडलं, ओळ दोनदा वाचली आणि वैतागून म्हणाले, "अहो, हे वाचल्यावर कोण आपली मुलगी पाठवेल?"

"मग त्यांना हे न सांगता आपण त्या मुली कशा न्यायच्या, सर?"

प्राचार्यांनी सही न करताच पेन बंद केलं. सोमवारी संघ नांदेडला गेला, तो दुसऱ्या प्रशिक्षकांबरोबर.