भिवरेच्या चढणीवरचं भात

केळशेत गावाच्या पाठीमागे वाघजाईचा डोंगर आहे. त्यावर जाणारी पायवाट नुसती कातळाची. मातीचा थर असलाच तर बोटभर. तरीही या वाटेच्या सात वळणांवर, दगडांच्या फटींत, दर पावसाळ्यानंतर भाताचे झुबके उभे राहतात. कोणी पेरत नाही, कोणी लावणी करत नाही. लोंब्या पिकतात, वाकतात आणि तिथेच गळतात. गावातलं कोणीही त्यातला दाणा घरी नेत नाही. गुरं वळणारी बाईसुद्धा तिथे आली की जनावराच्या तोंडापुढे काठी आडवी धरते.

डोंगराच्या पायथ्याशी, डांबरी सडकेला लागून, सहा वर्षांपूर्वी वृद्धांसाठी निवास सुरू झाला. इमारत नीटनेटकी आहे. वर्षातून एकदा तिथे कुटुंब दिन असतो. त्या दिवशी मुलं, सुना, जावई गाड्या घेऊन येतात, आईवडिलांना भेटतात, फोटो काढतात आणि तासभर हाताशी आहे म्हणून डोंगर बघायला निघतात. जेवणाचे डबेही बरोबर घेतात, कारण वर वारा छान असतो. आईवडील खालीच राहतात. चढ त्यांना झेपणारा नसतो.

यंदा अशा चौदा जणांबरोबर मी वर गेलो. वाट दाखवायला गावातले भागोजी आप्पा शेडगे होते. वय अठ्ठ्याऐंशी, हातात घुंगरांची काठी. पहिल्या झुबक्यापाशी ते थांबले आणि सांगू लागले.

सात-आठ पिढ्यांमागची गोष्ट, असं सांगतात. त्या काळी केळशेतातली म्हातारी माणसं वर, वाघजाईच्या देवळाला लागून बांधलेल्या घरात राहत. ते घर कोणी वाईट मनानं बांधलेलं नव्हतं. खाली पावसाळ्यात चिखल आणि हिवताप, वर मोकळी हवा, बारमाही पाण्याचं टाकं आणि शेजारी देवी. गावानं एकत्र येऊन दगडी भिंती रचल्या, भाताच्या पेंढ्यानं छप्पर शाकारलं आणि आठ जणांसाठी आठ ओटे बांधले.

"खालचं घर चांगलं हाय," आप्पा मध्येच म्हणाले. "गरम पाण्याचा नळ हाय, डॉक्टर येतो. वरचंही चांगलंच होतं."

वरच्या आठ जणांचं जेवण पाळीनं जाई. ज्या घराची पाळी त्या घरानं टोपलीत भाकऱ्या, भात, कालवण भरून वर न्यायचं, रिकामी टोपली खाली आणायची आणि पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. टोपली दाराशी दिसली की उद्याची पाळी आपली. कोणाला विचारावं लागत नसे, आठवणही करून द्यावी लागत नसे. बारा वर्षं ही पाळी एक दिवसही चुकली नाही म्हणे.

भिवरा ही त्या आठ जणांतली वयानं सगळ्यांत लहान. साठी ओलांडलेली, उजव्या पायानं अधू. तिचा मुलगा नावजी आणि सून खाली राहत. एका आश्विनात, भात कापणीला आलेलं असताना, टोपली नावजीच्या दाराला लागली आणि त्याच संध्याकाळी त्याची बायको शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, गेली.

घराला सुतक आलं. सुतकातल्या घरचं अन्न देवीच्या आवारात चालत नाही आणि सुतकातल्या दाराची वस्तू दुसरं कोणी हातात घेत नाही. त्यामुळे टोपली नावजीच्या खुंटीला लटकत राहिली. गावानं ती रोज पाहिली. कापणीला जाताना पाहिली, परतताना पाहिली. टोपली नावजीच्या दाराला आहे म्हणजे पाळी नावजीची आहे, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात. आभाळ भरून येत होतं, भात भिजायच्या आधी घरात घ्यायचं होतं. नावजी बायकोच्या दुःखात. त्याला वाटलं, आपल्याला सुतक आहे हे गावाला माहीत आहे, कोणीतरी नेतच असेल. भिवरेला सून गेल्याचं कळवायलाही कोणी वर गेलं नाही. म्हातारीला आत्ताच कशाला दुःख, सुतक फिटलं की सांगू, असं ठरलं.

इथपर्यंत ऐकून एखाद्याला वाटेल, काय दुष्ट गाव होतं. तशी सुटका करून घेऊ नका. या गोष्टीत मी दुष्ट माणूस शोधला. एकही सापडत नाही. सगळे नेमानं वागले, सगळे कामात होते, आणि वर आठ माणसं उपाशी होती.

वर पहिल्या दिवशी शिळं पुरलं. दुसऱ्या दिवशी टाकळ्याचा पाला शिजवला. आठ जण ओट्यांवर बसून वाटेकडे बघत. कोणी म्हणे, "कापणीची घाई असेल, येतील दुपारपर्यंत." दुपार सरली की कोणी म्हणे, "पोरं दमली असतील, उद्या येतील." मुलांच्या वतीनं कारणं शोधण्यात त्यांचे पाच दिवस गेले, असं सांगतात. सहाव्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्याला ओट्यावरून उठता येईना. तेव्हा भिवरा पाय ओढत, बसत, घसरत चढण उतरली.

गावात शुकशुकाट. सगळे शेतांवर. आपल्या घराच्या उंबऱ्यावर तिला मुलगा बसलेला दिसला, डोकं भादरलेला. शेजारी खुंटीला टोपली.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"तुझी सून, आये."

भिवरा त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. मग टोपलीकडे बघून म्हणाली, "आणि वरचं जेवण?"

"सुतक हाय आये. देवीला चालत न्हाई. गाव नेतंय न्हवं?"

तेवढ्यात शेजारची गोदा भाताचा भारा घेऊन आली. भिवरेला पाहून तिनं भारा टाकला. "आत्या, तुम्ही खाली कशा? बरं हाय न्हवं समदं?"

"गोदे, सहा दिवस वर कोण आलं न्हाई."

गोदा गोंधळली. टोपलीकडे बोट करून म्हणाली, "पर आत्या, पाळी तर तुमच्याच घरची हाय."

हे वाक्य सांगताना आप्पांनी काठी जमिनीवर टेकवली. घुंगरं वाजून थांबली. ऐकणाऱ्या चौदांपैकी कोणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं.

भिवरेनं टोपली खुंटीवरून काढली. सहा दिवस दंवात लटकून तिचं जुनं बूड कुजलं होतं. शिजवायला वेळ नव्हता आणि तिच्या सुतकी हाताला गावातलं कोणी धान्य दिलंही नसतं. ती थेट आपल्या शेतात गेली आणि उभ्या भाताच्या लोंब्या हातानं ओरबाडून टोपलीत भरू लागली. हे भात नवं होतं. नव्याची पुनव व्हायची होती. देवीला दाखवल्याशिवाय नवं खायचं नाही, हा दुसरा नेम. बांधाबांधावर माणसं विळे हातात धरून उभी राहिली. कोणी तिला मदत केली नाही. एक जण मात्र ओरडला, "सुतकाच्या हातानं नवं भात वर नेती? देवीला चालायचं न्हाई!"

भिवरा टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "मग देवीनं खाली यावं आन् मला अडवावं."

ती चढली. सात ठिकाणी बसली. बसताना टोपली खाली ठेवी, उचलताना कुजक्या बुडातून दाणे सांडत. वर पोचली तेव्हा सात जणांतले तिघं गेले होते. तिघंही भिंतीला टेकून, तोंडं वाटेकडे. उरलेल्या चौघांसाठी तिनं दगडावर भात भरडलं, टाक्याच्या पाण्यात पेज केली आणि एकेकाला बोटानं चाटवली. पेज सरली तेव्हा तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी गाव वर आलं. आता मात्र प्रत्येक घराची टोपली होती. चाळीस टोपल्या म्हणे, भात, भाकऱ्या, गूळ, तूप. सुतक कोणाला आठवलं नाही, पाळी कोणाला आठवली नाही. गोदेनं भिवरेपुढे पान मांडलं. भिवरेनं ते उचललं आणि भिंतीला टेकलेल्या तिघांपुढे ठेवलं.

"आधी ह्यास्नी वाढा," ती म्हणाली. "ह्यांची पाळी ऱ्हायली हाय."

चाळीस घरांतल्या माणसांनी त्या तिघांपुढे वाढलं. सगळ्या टोपल्या रिकाम्या होईपर्यंत वाढलं. त्यानंतर भिवरेनं गावाला शपथ घातली. म्हाताऱ्याच्या ताटाला पाळी नाही आणि सुतक नाही. नवं आधी म्हाताऱ्याच्या तोंडात, मग देवीला, मग तुम्हाला. ज्या घरात म्हातारं नसेल त्यानं दुसऱ्याचं मागून आणावं, पण त्याच्याआधी घास घेऊ नये.

गावानं चौघांना पाठीवर घेऊन खाली नेलं. भिवरेनं कोणाची पाठ घेतली नाही. ती मागून एकटी उतरत होती. शेवटच्या वळणावर टेकली. नावजी तिला घ्यायला वळला, तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. पुढच्या पावसाळ्यानंतर ती जिथे जिथे बसली होती त्या सातही जागी कातळातून भात वर आलं.

गोष्ट संपेपर्यंत आम्ही माथ्यावर पोचलो होतो. तिथे छप्पर नसलेल्या चार भिंती आणि आठ ओटे आहेत. मंडळी ओट्यांवर बसणार होती, ती उभीच राहिली. मग भूक लागलीच होती म्हणून डबे निघाले. वृषाली चितळकर नावाच्या बाईंनी झाकण उघडायला हात घातला तोच आप्पा म्हणाले, "ताई, तुमच्यात म्हातारं कोण हाय?"

चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांत मोठे पन्नाशीचे होते.

"आप्पा, तुम्हीच घ्या ना पहिला घास," वृषालीताई डबा पुढे करत म्हणाल्या. "मागून आणलेलं चालतं म्हणालात ना?"

"ज्याच्या घरात न्हाई त्याला चालतं," आप्पा म्हणाले. "तुमचं खाली बसलंय. मघा मी येताना व्हरांड्यात होत्या तुमच्या आई. जेवल्या का विचारलं, तर म्हणाल्या, पोरं वरून आली की बसू."

वृषालीताईंच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मग त्यांनी ते दाबून लावलं, डबा पिशवीत टाकला आणि उतरू लागल्या. त्यांच्यामागून एकेक जण निघाला.

आजही केळशेतात सुतकातल्या घरातून म्हाताऱ्याचं ताट थांबत नाही. आजही नव्याच्या पुनवेला ज्या घरात म्हातारं माणूस नाही, तिथली माणसं आप्पांसारख्याला हात धरून न्यायला येतात आणि तो पहिला घास गिळेपर्यंत पाटावर गप्प बसून राहतात. आणि आजही वाघजाईच्या माथ्यावर, एवढा छान वारा असताना, कोणी डबा उघडत नाही.